माग-कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये अनोळखी इंटरप्ट बिट आला तर काय करायचे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एखाद्या शेडमध्ये आठ यंत्रमाग आहेत असे धरू. प्रत्येक मागावर पिक (बाण्याच्या धाग्याची एक फेक) मोजणारा सेन्सर, शिवाय ताणा तुटला किंवा बाणा तुटला की येणारे सिग्नल. हे सगळे एका छोट्या लिनक्स बोर्डाला जोडलेल्या कार्डात येते आणि कार्डाला इंटरप्टची (सीपीयूला हातातले काम थांबवून लक्ष द्यायला लावणाऱ्या सिग्नलची) लाइन एकच. लाइन हलली की ड्रायव्हरने (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, कार्ड सांभाळणाऱ्या कोडने) स्टेटस रजिस्टर वाचायचे, कोणता बिट १ आहे ते बघायचे आणि त्याचे काम करायचे. उदाहरणापुरता नकाशा असा घेऊ: रजिस्टर १६ बिटांचे, बिट ० ते ७ म्हणजे आठ मागांचे पिक, ८ ताणा, ९ बाणा, १० कार्डाचा अंतर्गत दोष. ११ ते १५ समोर डेटाशीटमध्ये ‘राखीव’ एवढेच लिहिलेले. टेबलावर ड्रायव्हर छान चालतो. शेडमध्ये कार्ड बसते, माग सुरू होतात आणि लॉगमध्ये बिट १३ दिसतो.

अशा वेळी दोन पळवाटा सर्रास दिसतात. एक, ओळखीचे बिट तेवढे बघायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. दुसरी, जे आले ते सगळे पुसायचे आणि ‘हाताळले’ म्हणून मोकळे व्हायचे. पहिलीत लाइन खाली येतच नाही, कारण बिट पुसलेलाच नसतो. कर्नल पुन्हा पुन्हा हँडलरला (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनला) बोलावतो आणि शेवटी लाइनच बंद करतो. दुसरीत खराब कार्डसुद्धा चांगले भासते आणि सीपीयू विनाकारण तापत राहतो. योग्य वाट अशी: अनोळखी बिट कार्डातच गप्प करायचा, तो खरोखर गप्प झाला का हे परत वाचून बघायचे, मोजायचे, आणि त्या परत वाचण्यातून जे निघेल तेच उत्तर कर्नलला द्यायचे.

कोड लिहिण्याआधी डेटाशीटला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न, बिट पुसायचा कसा? बहुतेक कार्डांत १ लिहिला की तो बिट पुसला जातो. काहींत वाचला की पुसला जातो. काही बिट पुसताच येत नाहीत, ते फक्त आतली परिस्थिती दाखवतात. उदाहरणार्थ, फिफोत (आलेली माहिती क्रमाने साठवणाऱ्या रांगेत) माहिती असेपर्यंत तो बिट १ राहणार आणि फिफो रिकामा केला की आपोआप ० होणार.

१ लिहून पुसायच्या रजिस्टरवर ‘वाचा, एक बिट ऑर करा, परत लिहा’ ही सवय घातक आहे. वाचताना बिट ३ आणि बिट ५ दोन्ही १ असतील आणि तुम्हाला ३ पुसायचा असेल, तर वाचलेल्या किमतीत ३ ऑर करून लिहिल्यावर ५ सुद्धा पुसला जातो. मग सहाव्या मागाचा पिक गेला कुठे ते शोधण्यात दुपार जाते. जे पुसायचे तेवढेच लिहा, ऑर नको.

वाचल्यावर पुसल्या जाणाऱ्या रजिस्टरची अडचण निराळी. ते एका फेरीत एकदाच वाचायचे आणि किंमत चलात ठेवायची. दुसऱ्यांदा वाचले की त्या दोन वाचनांच्या मधल्या घटना हातात येऊन वाया जातात. रेगमॅप (रजिस्टरे वाचण्या-लिहिण्याची कर्नलमधली सोय) वापरत असाल तर असे रजिस्टर ‘प्रेशस’ म्हणून नोंदवा, नाहीतर कोणी डीबगएफएसमधून (कर्नलच्या तपासणीच्या फाइलींमधून) रजिस्टरांचा डंप बघितला की त्या वाचनानेच इंटरप्ट पुसला जाईल. शिवाय स्टेटस रजिस्टर ‘व्होलाटाइल’ असल्याचे सांगितले नाही तर कॅश चालू असताना रेगमॅप जुनीच किंमत देत राहील आणि तुम्ही न आलेल्या बिटच्या मागे धावत राहाल.

दुसरा प्रश्न, स्टेटसमधला बिट एनेबल रजिस्टरने (कोणत्या बिटने लाइन हलवायची ते ठरवणाऱ्या रजिस्टरने) गाळून येतो की कच्चा येतो? हे नीट वाचले नाही तर पुढचे सगळे चुकते. पुष्कळ चिपमध्ये स्टेटस कच्चे असते. एनेबलमध्ये बिट ० असला तरी स्टेटसमध्ये तो १ दिसतो, फक्त त्यामुळे लाइन हलत नाही. असा बिट दिसला म्हणून बोंब मारण्यात अर्थ नाही. तो पुसूही नका. कदाचित ड्रायव्हरचा दुसरा भाग तो बिट पोलिंगने (ठरावीक वेळाने स्वतः वाचून) बघत असेल.

तिसरा प्रश्न राखीव बिटांचा. ‘राखीव, लिहिताना ० ठेवा’ असे असेल तर त्या जागी १ लिहून पुसायचा प्रयत्न धोक्याचा. तिथे काही वेळा कारखान्यातल्या चाचणीचे स्विच दडलेले असतात. अशा बिटला एनेबलमधून बंद करणे हाच मार्ग. नुसते ‘राखीव’ असेल तर कार्ड बनवणाऱ्याला लेखी विचारा, आणि एराटाचा (चिपच्या ज्ञात चुकांचा) कागद डेटाशीटइतकाच बारकाईने वाचा. अनोळखी बिटांचे अर्धे उत्तर तिथे सापडते.

प्रोबमध्ये आधी झाडलोट

प्रोब म्हणजे कर्नल कार्ड ड्रायव्हरच्या हाती देतो तेव्हा चालणारे फंक्शन. त्यात लाइन मागण्याआधी कार्ड शांत करा. बूटलोडरने किंवा आधीच्या कर्नलने कार्डाचे इंटरप्ट चालूच ठेवलेले असू शकतात. क्रॅशनंतर केडंपच्या (क्रॅशची माहिती जतन करायला सुरू होणाऱ्या) कर्नलमध्ये तर हे हमखास होते, कारण जुन्या कर्नलला काही आवरायला वेळच मिळालेला नसतो.

क्रम असा ठेवा. एनेबलमध्ये ० लिहा. स्टेटसमधले पुसता येण्याजोगे बिट पुसा. सगळीकडे १ लिहिणे चालेल अशी हीच एक जागा, आणि तीही ‘० ठेवा’ अशी ताकीद असलेले बिट वगळून. मग स्टेटस परत वाचा. आता जे बिट १ उरले ते एकतर त्या क्षणाची परिस्थिती दाखवतात किंवा त्या कार्डात कायमचेच १ असतात. त्यांतले ओळखीच्या यादीत नसलेले बिट ‘कायमचे’ या नावाने साठवा. हँडलरमध्ये त्यांच्याकडे बघायचे नाही. त्यानंतर रिक्वेस्ट_आयआरक्यूने लाइन मागा, आणि सर्वांत शेवटी एनेबलमध्ये फक्त ओळखीचे बिट चालू करा.

‘सगळे चालू करून बघू काय येते ते’ हा मोह टाळा. प्रयोगशाळेत ठीक, शेडमध्ये नाही. आपणच राखीव बिट चालू करायचे आणि मग ते आले म्हणून तक्रार करायची, याला काय म्हणावे!

यातून एक गोष्ट निघते. एनेबलमध्ये फक्त ओळखीचे बिट चालू असतील, तरीही एखाद्या अनोळखी बिटमुळे लाइन हलत असेल, तर तो बिट एनेबलला जुमानत नाही, किंवा एनेबलची किंमत कोणीतरी बदलली आहे. वीज खालीवर होऊन कार्ड मधेच रीसेट झाले तर दुसरी शक्यता खरी ठरते. म्हणून अनोळखी बिटची नोंद करताना एनेबल रजिस्टरही वाचून लिहा. आपण लिहिलेली आणि आता वाचलेली किंमत वेगळी निघाली तर शोध तिथेच संपतो. कार्ड रीसेट झाले आहे, बिटचा दोष नाही.

हँडलरचा सांगाडा

खालचा क्रम १ लिहून पुसायच्या रजिस्टरसाठी आहे; स्टेटस एनेबलने गाळून येते आणि अनोळखी बिटांवर ‘० ठेवा’ ही ताकीद नाही असे धरले आहे. ‘चालू’ म्हणजे एनेबलमध्ये लावलेले बिट, ‘पातळीचे’ म्हणजे काम झाल्यावर पुसायचे बिट. ‘नन’ म्हणजे कर्नलला ‘इंटरप्ट माझा नाही’ असे उत्तर, ‘हँडल्ड’ म्हणजे ‘हाताळला’. सीमध्ये उतरवताना नावे आपापली घाला.

    स्थिती = वाचा(स्टेटस)
    जर स्थिती सगळी १ आणि वाचा(आवृत्ती) सगळी १:
        कार्ड_गेले = खरे
        परत नन
    आपले = स्थिती & चालू
    अनोळखी = स्थिती & ~ओळखीचे & ~कायमचे
    जर (आपले | अनोळखी) शून्य:
        परत नन
    लिहा(स्टेटस, (आपले & ~पातळीचे) | अनोळखी)
    आपले बिट एकेक हाताळा
    लिहा(स्टेटस, आपले & पातळीचे)
    उरले = वाचा(स्टेटस) & अनोळखी
    जर अनोळखी:
        नोंद(स्थिती, अनोळखी, उरले)
    जर आपले किंवा (अनोळखी & ~उरले):
        परत हँडल्ड
    परत नन

सगळे बिट १ वाचले गेले तर तो बहुधा इंटरप्ट नसतोच. पीसीआय कार्ड स्लॉटमध्ये सैल झाले, त्याची वीज गेली किंवा लिंक तुटली की वाचनात सगळीकडे १ येतात. अशा वेळी बिटांमागून बिट हाताळत बसलात तर आठही मागांवर पिक पडला, ताणा तुटला, बाणाही तुटला अशी खोटी माहिती पर्यवेक्षकाच्या पडद्यावर जाईल. खात्रीसाठी आवृत्तीचे रजिस्टर वाचा. त्याची खरी किंमत सगळे १ कधीच नसते, त्यामुळे तिथेही सगळे १ आले तर कार्ड नाही असे समजून झेंडा लावा आणि बाहेर पडा. पुन्हा जोडणीचे काम वर्कक्यूमध्ये (नंतर करायच्या कामांच्या कर्नलमधल्या रांगेत) करा, हँडलरमध्ये नको.

पुसायचे कधी, यावर मतभेद ऐकू येतात, पण उत्तर बिटच्या जातीवर ठरते. पिकसारखी क्षणिक घटना असेल तर आधी पुसा आणि मग काम करा. उलटे केले तर काम चालू असताना आलेला पुढचा पिक शेवटी पुसून टाकाल. पातळी दाखवणारा आणि तरीही लॅच होणारा (पुसेपर्यंत १ राहणारा) बिट असेल, उदाहरणार्थ ‘फिफोत माहिती आहे’, तर आधी फिफो रिकामा करा आणि मग पुसा. आधी पुसलात तर माहिती अजून आतच असल्याने बिट लगेच परत १ होतो आणि एक फुकटची फेरी पडते. मात्र शेवटी पुसल्यानंतर फिफोकडे एकदा परत बघा. रिकामा केल्यानंतर आणि पुसण्याआधी एखादा बाइट आत आला असेल तर तो तिथेच अडकून पडेल.

शेवटचे परत वाचणे दोन कामे करते. बिट गेला का ते कळते, आणि बसवर अडकलेले लिहिणे कार्डापर्यंत पोहोचते. लिहिणे पोस्टेड असते, म्हणजे सीपीयू लिहून पुढे जातो पण किंमत वाटेतच असते. ती पोहोचण्याआधी हँडलर संपला तर लाइन अजून वरच असते आणि कर्नल लगेच पुन्हा बोलावतो. त्या वेळी स्टेटस शून्य दिसते. दर खऱ्या इंटरप्टमागे एक रिकामा इंटरप्ट असे जोडीचे चित्र दिसले तर आधी हेच कारण तपासा. वाचल्यावर पुसले जाणारे रजिस्टर असेल तर या कामासाठी स्टेटस वाचू नका, आवृत्तीचे वाचा.

लाइन पातळीवर चालणारी नसून कडेवर (पातळी बदलण्याच्या क्षणावर) चालणारी असेल तर आणखी एक काळजी. एक बिट हाताळत असताना दुसरा आला तर लाइन खाली येतच नाही, म्हणजे नवी कड बनत नाही, आणि इंटरप्ट कायमचा बंद पडतो. म्हणून स्टेटसमधले आपले बिट शून्य होईपर्यंत फेऱ्या मारा, पण त्यांना मर्यादा घाला. १६ पुरे. अडकलेला अनोळखी बिट त्या फेरीच्या अटीत घेऊ नका, नाहीतर सीपीयू तिथेच अडकेल.

कर्नलला खरे उत्तर द्या

नन आणि हँडल्ड ही उत्तरे शोभेची नाहीत. एका लाइनवर आलेले दर १,००,००० इंटरप्ट झाले की कर्नल हिशेब बघतो. त्यातले ९९,९०० पेक्षा जास्त कोणीच हाताळले नसतील तर ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश स्टॅक ट्रेससह छापतो आणि लाइन बंद करतो. पातळीवरची लाइन अडकली आणि एका फेरीला ५ मायक्रोसेकंद लागले असे धरले, तर १ लाख फेऱ्या अर्ध्या सेकंदात होतात. म्हणजे जॉबर (माग दुरुस्त करणारा) मागापाशी पोहोचायच्या आत कार्ड मुके झालेले असते.

लाइन सामायिक (एकाहून जास्त ड्रायव्हरांची) असेल तर चित्र जास्त फसवे होते. बंद केलेल्या सामायिक लाइनवरच्या हँडलरना कर्नल नंतर सेकंदाला साधारण १० वेळा स्वतःहून विचारत राहतो. कार्ड पूर्ण मरत नाही, रेंगाळत चालते. ‘पिक उशिरा दिसतात’ अशी तक्रार आली तर डीमेसेग (कर्नलचा लॉग) उघडून आधी हा संदेश शोधा.

काही जण या संदेशाला घाबरून हँडलरमधून नेहमीच हँडल्ड परत देतात. संदेश जातो खरा, पण त्याबरोबर संरक्षणही जाते. लाइन अडकली की तो सीपीयू हँडलरमध्येच फिरत राहतो आणि बोर्ड गोठतो. लाइन सामायिक असेल तर शेजारच्या ड्रायव्हरचा घोटाळाही तुमच्या हँडल्डमागे लपतो.

उलट बाजूही लक्षात ठेवा. दोन न हाताळलेल्या इंटरप्टमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त अंतर असेल तर कर्नल न हाताळलेल्यांची मोजणी १ पासून परत सुरू करतो. म्हणजे सेकंदाला चार-पाच वेळा येणारा खोटा इंटरप्ट कर्नलला कधीच दोष वाटणार नाही. तो पकडायला ड्रायव्हरमध्ये स्वतःचा मोजक लागतो. प्रॉकखाली त्या आयआरक्यू क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ‘स्पुरियस’ नावाची फाइल असते. त्यात एकूण, न हाताळलेले आणि शेवटचा न हाताळलेला कधी आला, हे तीन आकडे मिळतात. पाहणी तिथून सुरू करा.

वादळ आले तर

आधी किती इंटरप्ट यायला हवेत याचा अंदाज बांधा. माग मिनिटाला १५० पिक मारत असेल तर सेकंदाला अडीच, आठ मागांचे मिळून २०. मिनिटाला ३०० मारणारे रापियर माग असतील तर ४०. प्रॉकच्या इंटरप्ट फाइलमध्ये तुमच्या लाइनचा आकडा सेकंदाला ४,००० ने वाढत असेल तर ते मागांचे काम नाही. तिथे धागा शोधू नका, बिट शोधा.

प्रत्येक बिटसाठी वेगळा मोजक ठेवा, सगळ्या अनोळखी बिटांचा मिळून एक नको. एका सेकंदात एखादा अनोळखी बिट २० पेक्षा जास्त वेळा आला तर तो एनेबलमधून बंद करा, एकदा चूक म्हणून नोंदवा आणि ६० सेकंदांनी डिलेड वर्कमधून परत चालू करून बघा. तिसऱ्यांदा तसेच झाले तर ड्रायव्हर पुन्हा लोड होईपर्यंत बंदच ठेवा. हे आकडे या कार्डाच्या गतीवरून काढले आहेत. नेटवर्क कार्डाला ते लागू पडणार नाहीत.

बिट पुसला जात नाही आणि बंदही होत नाही, अशी वेळ आली तर लाइन फक्त तुमची आहे का ते बघा. तुमची असेल तर डिसेबल_आयआरक्यू_नोसिंक वापरून लाइन बंद करा आणि टायमरने दर १०० मिलिसेकंदाला स्टेटस वाचा. पिकांची मोजणी कार्डातल्या काउंटरमध्ये होत असेल तर उत्पादनाचा एकही आकडा चुकणार नाही, फक्त धागा तुटल्याची बातमी सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येईल. हँडलरमध्ये साधे डिसेबल_आयआरक्यू वापरू नका. ते चालू हँडलर संपायची वाट बघते, आणि चालू हँडलर तुम्हीच आहात. लाइन सामायिक असेल तर ती बंद करायचा हक्क तुमचा नाही. नन परत द्या आणि निर्णय कर्नलवर सोडा.

लॉगमध्ये काय लिहायचे

‘अनोळखी इंटरप्ट’ एवढ्या दोन शब्दांचा कोणाला उपयोग नाही. एका ओळीत कच्चे स्टेटस, त्यातले अनोळखी बिट, पुसल्यावर उरलेले बिट, एनेबलची वाचलेली किंमत, कार्डाची आवृत्ती आणि तो बिट आतापर्यंत किती वेळा आला ते लिहा. रजिस्टरांच्या किमती हेक्समध्ये. शेडमधला माणूस ही ओळ फोनवर वाचून दाखवणार आहे, त्यामुळे ओळीचा क्रम कधीही बदलू नका.

रेटलिमिटेड प्रकारचाच संदेश वापरा. कर्नलची नेहमीची मर्यादा ५ सेकंदांत १० ओळी. ती का लागते ते आकड्यांत बघा: सिरियल कन्सोल १,१५,२०० बॉडवर असेल तर ८० अक्षरांची ओळ बाहेर पडायला साधारण ७ मिलिसेकंद लागतात. मर्यादा न घालता हजार ओळी छापल्या तर ७ सेकंद गेले, आणि तेवढ्या वेळात आठ मागांचे सुमारे १४० पिक येऊन गेले. मोजक डीबगएफएसमध्ये ठेवा, म्हणजे लॉग गप्प असला तरी आकडा बघता येतो.

नेहमी भेटणारे काही ‘अनोळखी’

डिझाइनवेअरचा यूआर्ट (सिरियल पोर्ट चालवणारा भाग) अनेक एआरएम बोर्डांवर असतो. तो १६५५० या जुन्या प्रमाण यूआर्टसारखा वागतो, पण इंटरप्ट ओळख रजिस्टरमध्ये कधी कधी ७ ही किंमत देतो, जी साध्या १६५५० च्या यादीत नाही. यूआर्ट कामात असताना लाइन कंट्रोल रजिस्टर लिहिले की हे होते. ते पुसायला यूआर्टचे स्टेटस रजिस्टर वाचावे लागते, दुसरे काही करून जात नाही. त्याच यूआर्टमध्ये ‘रिसीव्ह टाइमआउट’ येतो पण फिफोत काहीच नसते, अशीही अवस्था होते. लिनक्सचा ड्रायव्हर तिथे मुद्दाम एक फुकट वाचन करतो आणि इंटरप्ट उतरतो. आपल्या कार्डासाठी यूआर्टचा ड्रायव्हर नव्याने लिहायचा विचार असेल तर आधी कर्नलमधला हा भाग वाचा. बरीच रात्रीची जागरणे वाचतील.

एमसीपी२३०१७ हा आयटूसीवरचा (दोन तारांच्या बसवरचा) १६ पिनांचा एक्सपांडर सेन्सर वाढवायला स्वस्त पडतो. त्यात कोणत्या पिनमुळे इंटरप्ट आला ते एका रजिस्टरमध्ये आणि त्या क्षणाची पिनांची पातळी दुसऱ्या, कॅप्चरच्या रजिस्टरमध्ये मिळते. कॅप्चर किंवा पोर्ट वाचले की इंटरप्ट पुसला जातो. म्हणून आधी कारण वाचा, मग कॅप्चर. थेट पोर्ट वाचलेत तर छोटा पल्स तोपर्यंत संपलेला असतो आणि ‘इंटरप्ट आला पण काहीच बदलले नाही’ असे दिसते. पीसीएफ८५७४ मध्ये तर कारण सांगणारे रजिस्टरच नाही, आणि पिन मूळ पातळीवर परतली की इंटरप्ट आपोआप उतरतो. तिथे रिकामा इंटरप्ट हा दोष धरू नका. दोन्ही चिप आयटूसीवर असल्याने वाचन थ्रेडमध्येच करावे लागते. पहिला हँडलर रिकामा ठेवून थ्रेडेड इंटरप्ट मागत असाल तर वनशॉट हा झेंडा लावा, नाहीतर कर्नल विनंतीच फेटाळतो.

दोष ड्रायव्हरबाहेर असतो तेव्हा

टेबलावर कधीच न आलेला बिट शेडमध्ये येत असेल तर तारा बघा. मागाच्या मोटरचा कॉन्टॅक्टर सुटताना जो झटका बसतो तो शेजारून गेलेल्या सेन्सरच्या तारेत उतरतो. मोटरच्या आणि सेन्सरच्या तारा एकाच पट्टीतून नेलेल्या असतील तर आधी त्या वेगळ्या करा. २४ व्होल्टचा सिग्नल ऑप्टोकपलरमधून घ्या आणि त्यानंतर १० किलोओहम व १०० नॅनोफॅरडचा फिल्टर आणि ७४एचसी१४ सारखा श्मिट ट्रिगर लावा. याने १ मिलिसेकंदाचा कालांक मिळतो. संपर्काचा स्विच जास्त नाचत असेल तर १ मायक्रोफॅरड घाला, म्हणजे १० मिलिसेकंद. रापियरवरही दोन पिकांत २०० मिलिसेकंद असतात, त्यामुळे पिक हुकायची भीती नाही.

आरएस-४८५ ची लांब लाइन असेल तर दोन्ही टोकांना १२० ओहम आणि एका जागी बायस रोधक हवेत. बायस नसला की कोणी बोलत नसताना लाइन अधांतरी राहते आणि यूआर्टमध्ये फ्रेमिंग व ब्रेकच्या चुकांचे बिट येत राहतात. ड्रायव्हरमध्ये ते गाळून टाकणे म्हणजे गळक्या पत्र्याखाली बादली ठेवणे.

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, सुताचे तंतू बसून झाकलेल्या बंद डब्यात कार्ड त्याहून बरेच जास्त तापते. बिट फक्त दुपारी येतो का, हे वेळेच्या नोंदीवरून बघा. तसे असेल तर डब्याची जाळी साफ करा, वीजपुरवठ्याचे व्होल्टेज कार्डाच्या पिनवर मोजा आणि मगच कोड उघडा.

चाचणी

जो मार्ग क्वचित चालतो तो मुद्दाम चालवून बघावा लागतो. डीबगएफएसमध्ये एक चाचणी-मास्क ठेवा आणि हँडलरमध्ये वाचलेल्या स्टेटसला तो ऑर करा. बिट १३ असा घुसवला की मोजणी, बंद करणे, ६० सेकंदांनी परत चालू होणे, सगळे कार्ड न बिघडवता बघता येते. परत वाचतानाही तोच मास्क ऑर केला तर न पुसला जाणारा बिट तयार होतो, आणि ननचा मार्गही तपासून होतो. ही सोय विक्रीच्या बिल्डमध्ये ठेवू नका.

इंटरप्टची लाइन ओपन-ड्रेन असेल तर १ किलोओहमच्या रोधकातून ती क्षणभर जमिनीला टेकवा. स्टेटस शून्य आणि इंटरप्ट मात्र आलेला, अशी अवस्था मिळते. पुश-पुल आउटपुटवर हा प्रयोग करू नका.

कर्नलमध्ये डीबग_एसएचआयआरक्यू चालू करून बिल्ड करा. सामायिक लाइन सोडताना कर्नल मुद्दाम एक खोटा इंटरप्ट देतो. रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) आधी मेमरी सोडून मग लाइन सोडणारे ड्रायव्हर इथे उघडे पडतात. डेव्हएम प्रकारे (कर्नल स्वतःच नंतर सोडेल अशी) लाइन मागितली असेल तर ती रिमूव्ह संपल्यावर सुटते, हे विसरू नका. रिमूव्हमध्ये पहिले काम एनेबलमध्ये ० लिहिणे आणि परत वाचणे, मग सिंक्रोनाइज_आयआरक्यू, मग डिलेड वर्क रद्द करणे, आणि त्यानंतर बाकीचे.

ट्रेसमध्ये आयआरक्यू हँडलर एंट्री आणि एक्झिट या दोन घटना चालू केल्या की प्रत्येक फेरीचे उत्तर ‘हँडल्ड’ होते की ‘अनहँडल्ड’ ते वेळेसह दिसते. शेडमध्ये ट्रेस चालू ठेवून आठही माग एकामागून एक बंद-चालू करा, मग सगळे एकदम. बिट कॉन्टॅक्टर सुटताना येतो की बसताना, हे याच नोंदीतून कळते.

बिट १३ चा अर्थ कार्ड बनवणाऱ्याकडून समजला की तो ओळखीच्या यादीत घाला, पण आवृत्तीच्या रजिस्टरची अट लावून. तोच बिट जुन्या कार्डात राखीव आणि नव्यात बारावा सेन्सर असू शकतो. अनोळखीची शाखा मात्र काढू नका. ११, १२, १४ आणि १५ अजून राखीवच आहेत.